नॉब वाचायला इंटरप्टच हवा, हे कोणी ठरवले?

तारजोड
काल येथे एका सदस्याने ठामपणे लिहिले की रोटरी एन्कोडरच्या (नॉब फिरताना ‘ए’ आणि ‘बी’ या दोन पिना एकामागोमाग चालू-बंद करणाऱ्या भागाच्या) ‘ए’ पिनवर फॉलिंग एजचा (पिन वरून खाली जाण्याच्या क्षणाचा) इंटरप्ट, म्हणजे प्रोसेसरला हातातले काम थांबवायला लावणारा इशारा, लावावा, त्यात ‘बी’ पाहून दिशा ठरवावी, पुढचे पाच मिलिसेकंद काहीही मोजू नये, आणि पोलिंग करणाऱ्यांना, म्हणजे पिना ठरावीक वेळाने स्वतःच तपासणाऱ्यांना, नवशिके समजावे. हे वाचून गप्प बसणे मला जमले नाही. पाच मिलिसेकंदांचे ते कुलूप फक्त ‘ए’ खाली जातानाच्या थरथरीला (संपर्क जुळताना-सुटताना होणाऱ्या झटपट चालू-बंदला) आवरते. नॉब सावकाश फिरवला की ‘ए’ पुन्हा वर जातानाही थरथरतो. त्या थरथरीत खोट्या फॉलिंग एज असतात, तोवर कुलूप केव्हाच उघडलेले असते आणि ‘बी’ उलटा झालेला असतो. परिणामी आकडा एक पाऊल पुढे जातो आणि खटका पूर्ण होण्याआधीच मागे येतो. याउलट दोन्ही पिनांची आधीची आणि आताची स्थिती मिळून होणाऱ्या १६ शक्यतांपैकी प्रत्येकीला किती पाऊल मोजायचे याचे कोष्टक ठेवले, तर तीच थरथर अधिक एक, उणे एक, अधिक एक अशी फिटत जाते, कारण एक पिन थरथरत असताना दुसरी स्थिर असते. हे कोष्टक टायमरमधून दर मिलिसेकंदाला तपासावे. २० खटक्यांचा आणि प्रत्येक खटक्याला चार बदल देणारा नॉब सेकंदाला पाच फेरे इतका गरगरा फिरवला, तरी दोन बदलांमध्ये सरासरी अडीच मिलिसेकंद मिळतात. हाताला याहून वेग कशाला हवा?

खटकेबाज
ते विधान माझे आहे, तेव्हा उत्तरही मीच देतो. आपला टायमर म्हणजे शेवटी इंटरप्टच आहे, फक्त तो काम असो वा नसो, सेकंदाला हजार वेळा दार ठोठावतो. माझी उपकरणे बॅटरीवर चालतात आणि बहुतेक वेळ झोपलेली असतात. पॉवर-डाउन या गाढ झोपेत एटीमेगा३२८पी या छोट्या प्रोसेसरचे नेहमीचे टायमर थांबतात, पण पिनची स्थिती बदलताच येणारा पिन-चेंज इंटरप्ट त्याला जागे करतो. आपले कोष्टक त्या झोपेत कोण तपासणार?

शिसेकथील
दोघांचेही म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असे चालले आहे. थरथर तारेत आहे, तर ती तारेतच थांबवा. संपर्कापासून जमिनीपर्यंत १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावावा, प्रोसेसरच्या आतला पुल-अप (पिन वर ओढून धरणारा रोध) चालू करावा, आणि हे कोष्टकांचे पुराण बंद करावे. सोल्डरिंग आयर्न हातात धरायची भीती वाटणाऱ्यांनीच सॉफ्टवेअर फिल्टरचे एवढे स्तोम माजवले आहे.

तारजोड
भीतीचे राहू द्या, आधी गुणाकार करा. आतला पुल-अप २० ते ५० किलोओहमचा असतो, म्हणजे आपल्या १०० नॅनोफॅरडबरोबर कालस्थिरांक (कपॅसिटर भरायला लागणाऱ्या वेळेचे माप) दोन ते पाच मिलिसेकंद होतो आणि नॉब जोरात फिरवला की खरे बदलच त्यात विरघळतात. शिवाय रोधाशिवाय थेट जोडलेला कपॅसिटर प्रत्येक वेळी त्या चिमुकल्या संपर्कातूनच रिकामा होतो. उत्पादकांच्या डेटाशीटमधले फिल्टर पाहिले, तर १० किलोओहमचा पुल-अप, १० किलोओहमचा मालिकेतला रोध आणि १० नॅनोफॅरड असे साधे गणित दिसते.

शिसेकथील
माझ्या टेबलावरचा पॉवर सप्लाय अशाच थेट कपॅसिटरवर कित्येक वर्षे बिनतक्रार चालतो आहे. त्याचा नॉब मी रोज फिरवतो आणि व्होल्टेज कधी उलटे गेलेले नाही. गुणाकार आपण करत बसा. आणि आपल्या त्या डेटाशीटमधल्या फिल्टरचा कालस्थिरांक जेमतेम ०.१ ते ०.२ मिलिसेकंद होतो, थरथर मात्र काही मिलिसेकंद चालू शकते. मग तो फिल्टर शोभेसाठी असतो काय?

तारजोड
त्याने बारीक काटे गळतात आणि मोठी थरथर कोष्टक फेडते, म्हणून दोन्ही लागतात. आपला सप्लाय चालतो याचा आनंद आहे. आपण तो सावकाश फिरवत असाल.

शिसेकथील
मी काय वेगाने फिरवतो, हे आपल्याला घरबसल्या कळते म्हणजे कमालच झाली.

मोटरवाला
कपॅसिटरचे भांडण आवरले असेल तर एक विचारतो. माझा ऑप्टिकल एन्कोडर एका फेरीला ६०० पल्स देतो, म्हणजे २,४०० बदल. मोटर मिनिटाला ३,००० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १,२०,००० बदल. १६ मेगाहर्ट्झवर एका बदलाला प्रोसेसरच्या क्लॉकचे साधारण १३३ ठोके मिळतात. तेथे आपले पोलिंग तर हास्यास्पद आहेच, पण खटकेबाजांचा इंटरप्टही प्रोसेसरला दुसरे काही करू देणार नाही. एसटीएम३२ या प्रोसेसरच्या टायमरमधला एन्कोडर मोड किंवा ईएसपी३२ या दुसऱ्या प्रोसेसरचा पल्स काउंटर ही मोजणीची कामे निमूटपणे करतो.

तारजोड
मान्य आहे, पण शीर्षकात नॉब लिहिले आहे, मोटर नाही.

खटकेबाज
मीही काल रात्री नॉब मुद्दाम सावकाश फिरवून पाहिला. आकडा पुढे-मागे होतो, हे खरे निघाले. तारजोड यांनी ते इतक्या तोऱ्यात सांगितले नसते, तर मान्य करायला कमी जड गेले असते. कोष्टक मी घेतो, टायमर घेणार नाही. दोन्ही पिनांवर पिन-चेंज इंटरप्ट ठेवून त्यातच कोष्टक तपासेन, म्हणजे झोपही टिकेल.

तारजोड
झोपेचा मुद्दा आपला, तो मी सोडतो. मात्र काही एन्कोडरांमध्ये नॉब खटक्यावर स्थिर असताना ‘बी’ची स्थिती उत्पादक सांगतच नाही, ती अगदी काठावर असू शकते. असा एन्कोडर टेबलाच्या हादऱ्यानेही आपल्या उपकरणाला जागे करत राहील, तेव्हा झोपेतून उठवण्याचे काम एकट्या ‘ए’ला द्या. आणि आकडा १६ बिटांचा असेल तर मुख्य लूपमध्ये तो इंटरप्ट थांबवून उतरवून घ्या, कारण आठ बिटांचा प्रोसेसर तो दोन घासांत वाचतो आणि मधेच तो बदलू शकतो.

खटकेबाज
ते मी पहिल्यापासून करतो. नवशिका नाही मी.