मदत हवी आहे: लिनक्स टाकलं, आता कॉम्प्युटर चालूच होईना (सोमवारच्या आत पाहिजे)

हळकुंड (शनिवार, रात्री ९:१२)

नमस्कार मंडळी. सांगलीत आमचं हळदीचं अडत दुकान आहे. तिथल्या जुन्या कॉम्प्युटरवर काल रात्री विंडोज काढून लिनक्स टाकलं. सगळं व्यवस्थित झालं, शेवटी रीस्टार्ट करा म्हणाला, केला, आणि आता चालूच होत नाही. दर वेळी पेन ड्राइव्ह नव्याने बनवून तीनदा टाकून झालं, तेच. यूट्यूबचे चार व्हिडिओ बघितले, चौघांच्या चार तऱ्हा. सोमवारी सौदे आहेत आणि शेतकऱ्यांच्या पट्ट्या (विक्रीच्या हिशोबाच्या पावत्या) याच्यावरच निघतात. वडील सकाळपासून "चालत होतं ते काढलंस कशाला" एवढंच म्हणतायत. नेमकं काय करायचं तेवढं सांगा. लिंका नकोत.

तंबोरा_मिरज (९:१९)

"चालू होत नाही" म्हणजे नक्की काय? पंखा फिरत नाही, डिस्प्ले येत नाही, की येऊन अडतो? कुठलं लिनक्स? प्रोसेसर, रॅम, बोर्ड? आमच्या मिरजेत गल्लोगल्ली डॉक्टर आहेत, पण कुठं दुखतंय हे न विचारता गोळी त्यातला एकही देत नाही.

खोडरबर (९:२२)

रॅम काढा. सोनेरी कडा खोडरबराने घासा, फुंकर मारा, परत बसवा. जुन्या मशीनला ९० टक्के हेच असतं.

हळकुंड (९:३०)

पंखा फिरतो, डिस्प्ले येतो. काळ्या स्क्रीनवर इंग्रजीत एक ओळ येऊन थांबतो. मिंट टाकलंय, २२, एक्सएफसीई वालं. कोअर टू ड्युओ, इंटेलचा जी३१ बोर्ड, २ जीबी रॅम, २५० जीबीची हार्ड डिस्क. रॅम घासून बसवली. काही फरक नाही.

खोडरबर (९:३३)

पांढऱ्या खोडरबराने घासली का? निळ्याने नाही चालत, त्यात खरखरीत रेती असते.

एसएसडी_शिवाय_जगणे_नाही (९:३६)

ती हार्ड डिस्क काढून फेकून द्या. १२० जीबीची साटा एसएसडी घाला, मशीन पळायला लागेल. मी घरचे तीन कॉम्प्युटर असेच वाचवलेत.

हळकुंड (९:३८)

शनिवारी रात्री पावणेदहाला एसएसडी कुठल्या दुकानात मागू? पळायला नको, उभा राहिला तरी बास.

विंडोजवाले_काका (९:४१)

मुळात हे खूळ कशाला? विंडोज १० टाका, अर्ध्या तासात मोकळे व्हा. धंद्याच्या ठिकाणी प्रयोग करू नयेत.

तंबोरा_मिरज (९:४४)

काका, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, ती या बोर्डावर नाही. त्यात २ जीबी रॅम. प्रयोग नाही हो, जुन्या मशीनला दुसरं काय उरलंय?

विंडोजवाले_काका (९:४६)

सपोर्ट संपला म्हणून कॉम्प्युटर बंद पडत नाही. आमच्या पतसंस्थेत अजून सात चालतंय.

तंबोरा_मिरज (९:४७)

कुठली पतसंस्था तेवढं सांगा, ठेव काढून घेतो.

पेंग्विनप्रेमी (९:५२)

बायोसमध्ये (चालू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) जाऊन सिक्युअर बूट बंद करा, ते अनोळखी सिस्टिम सुरू होऊ देत नाही. मिंट बूट न होण्याचं पहिलं कारण तेच.

जुनी_बॅच (१०:०१)

जी३१ बोर्डावर सिक्युअर बूट? ते विंडोज ८ च्या वेळेला, म्हणजे २०१२ नंतरच्या मशीनवर आलं. हा बोर्ड त्याच्या आधीचा, यात बायोसच्या जागी आलेलं नवं यूईएफआयच नाही, साधा बायोस. बिचारा तासभर बायोसमध्ये नसलेली गोष्ट शोधत बसेल.

हळकुंड, बाकी सगळं सोडा. ती जी "एक ओळ" येते, ती अक्षरन् अक्षर लिहा. निम्मं उत्तर त्यातच आहे.

कळफलक (१०:०४)

मिंटवर मराठी टंकायचं असेल तर आयबसमध्ये (भाषा निवडायच्या सोयीत) इनस्क्रिप्ट हा मराठी कळफलक जोडून घ्या. चार दिवस बोटं अडखळतात, मग परत फोनेटिककडे वळावंसं वाटत नाही. जुन्या पट्ट्या श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टात असतील तर त्या युनिकोडमध्ये रूपांतरित कराव्या लागतील, नाहीतर नुसती चित्रविचित्र अक्षरं दिसतील.

तंबोरा_मिरज (१०:०६)

अहो, त्याचा कॉम्प्युटर उठत नाहीये आणि तुम्ही टायपिंगचा क्लास काढलाय.

कळफलक (१०:०७)

उठल्यावर लागेलच की.

हळकुंड (१०:१५)

"मिसिंग ऑपरेटिंग सिस्टिम". बास, एवढंच. त्याखाली कर्सर लुकलुकतो.

जुनी_बॅच (१०:२१)

आता बोलता येतं. हा निरोप लिनक्सचा नाही. लिनक्स सुरू करून देणाऱ्या ग्रबचं काही बिघडलं तर "ग्रब रेस्क्यू" वगैरे दिसतं. "मिसिंग ऑपरेटिंग सिस्टिम" हे विंडोजने डिस्कच्या पहिल्या सेक्टरात, एमबीआरमध्ये, लिहून ठेवलेल्या जुन्या कोडचं बोलणं आहे. घर तुम्ही नवीन बांधलं, पण दारात पहारेकरी जुनाच. तो जुन्या मालकाला हाका मारतोय आणि आत कुणी ओ देत नाही. म्हणजे मिंट डिस्कवर आलं असेल, पण ग्रब या डिस्कच्या एमबीआरवर बसलेलाच नाही.

तीन प्रश्न, तिन्हींची उत्तरं द्या. इन्स्टॉल करताना "इरेज डिस्क" निवडलंत की "समथिंग एल्स"? दुसरं निवडलं असेल तर तळाशी बूटलोडर (म्हणजे ग्रब) कुठे टाकायचा हे विचारणारी एक पेटी असते, त्यात काय होतं? आणि ज्यावरून मिंट टाकलंत तो पेन ड्राइव्ह किती जीबीचा?

खोडरबर (१०:२४)

मशीन पुरात भिजलंय का? भिजलं असेल तर साटा केबलची पिनसुद्धा घासावी लागेल.

हळकुंड (१०:३२)

समथिंग एल्स. व्हिडिओत तसंच होतं, जुनं विंडोजचं पार्टिशन उडवून नवीन केलं. (डेटा आधीच वेगळ्या पेन ड्राइव्हवर घेतलाय, त्याची काळजी नको.) खालच्या पेटीला हात लावला नाही, आपोआप एसडीए आलं होतं. पेन ड्राइव्ह १६ जीबी.

भिजलेलं नाही. २०१९ ला गावभागातल्या घरात पाणी आलं तेव्हा हाच सीपीयू माळ्यावर टाकलेला, म्हणून वाचला.

आयर्विनखालून (१०:३५)

२०१९ चं नाव काढू नका. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी ४५ फूट म्हणजे धोका, आणि त्या ऑगस्टला पाणी ५७ च्या वर गेलेलं. आमच्या वहिनींनी फ्रिज दोरखंडाने पंख्याच्या हुकाला बांधलेला.

विंडोजवाले_काका (१०:३७)

२००५ ला पण आलं होतंच की. तेव्हा मोबाइल नव्हते म्हणून एवढा गाजावाजा झाला नाही.

आयर्विनखालून (१०:३८)

मोबाइल होते काका. तुमच्याकडे नव्हता.

तंबोरा_मिरज (१०:४०)

फ्रिज हुकाला? आणि हूक राहिला?

आयर्विनखालून (१०:४१)

हूक राहिला. फ्रिज गेला.

जुनी_बॅच (१०:४६)

पुरातून वर या. हळकुंड, लिनक्स डिस्कांना एसडीए, एसडीबी अशी नावं देतं ती कर्नलला ज्या क्रमाने सापडतील त्या क्रमाने. त्यामुळे कधीकधी पेन ड्राइव्ह एसडीए होतो आणि हार्ड डिस्क एसडीबी. तुम्ही पेटी तशीच सोडलीत, म्हणजे तिन्ही वेळा ग्रब इमानदारीने पेन ड्राइव्हवर जाऊन बसला असणार. खात्री करायला एक करा: पेन ड्राइव्ह लावून मशीन सुरू करा आणि काय होतं ते सांगा.

हळकुंड (१०:४९)

पेन ड्राइव्ह लावला की चालतोच की. सरळ मिंट उघडतं, पासवर्ड विचारतं, सगळं दिसतं. पण तो काय कायमचा खुपसून ठेवायचा का? म्हणून तर विचारतोय.

तंबोरा_मिरज (१०:५०)

हे पहिल्या ओळीत लिहिलं असतं तर एवढ्यात जेवण होऊन झोपलो असतो.

आयर्विनखालून (१०:५१)

मी भडंग घेऊन बसलोय, चालू द्या.

पेंग्विनप्रेमी (१०:५५)

चौथ्यांदा इन्स्टॉल करा, आणि या वेळी पेटीत नीट बघून डिस्क निवडा. किंवा लाइव्ह पेन ड्राइव्हवरून (ज्यावरून इन्स्टॉल न करताही मिंट चालतं) मिंटच्या मेनूतलं बूट रिपेअर चालवा, एक बटण दाबलं की झालं.

जुनी_बॅच (११:०४)

बूट रिपेअर चांगलं आहे, पण त्याचा लाइव्ह पेन ड्राइव्ह आता लाइव्ह राहिलाय कुठे? त्याच्या तोंडावरच ग्रब बसलाय. आणि चालणारं मिंट समोर असताना परत इन्स्टॉल कशाला? दोन ओळींचं काम आहे. इथे रोमन अक्षरं उमटत नाहीत म्हणून उच्चाराने लिहितो, टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) इंग्रजीत टाका.

पेन ड्राइव्ह लावून मिंट उघडा. टर्मिनलमध्ये एल-एस-बी-एल-के टाका. यादीत जिथे २३२.९ जी दिसेल ती तुमची हार्ड डिस्क (२५० जीबीची एवढीच दिसते, कंपनी हजारने मोजते, लिनक्स १०२४ ने). १४-१५ जी दिसेल तो पेन ड्राइव्ह. हार्ड डिस्कचं नाव एसडीबी असेल असं धरून: सुडो, स्पेस, ग्रब-इन्स्टॉल, स्पेस, स्लॅश डेव्ह स्लॅश एसडीबी. एंटर. मग पूर्ण बंद करा, पेन ड्राइव्ह काढा, चालू करा. इंटरनेट लागत नाही. नाव मात्र यादीत बघूनच टाका, मी म्हणतो म्हणून नको.

हळकुंड (११:१३)

एरर. विल नॉट प्रोसीड विथ ब्लॉकलिस्ट्स. एसडीबी१ च होतं, बघूनच टाकलं.

जुनी_बॅच (११:१५)

१ कुठून आला? एसडीबी१ म्हणजे डिस्कवरचं पहिलं पार्टिशन. ग्रब पूर्ण डिस्कच्या तोंडाशी बसवायचा असतो, आतल्या खोलीत नाही. आकडा काढा.

हळकुंड (११:१९)

"इन्स्टॉलेशन फिनिश्ड. नो एरर रिपोर्टेड." बंद करून बघतो.

तंबोरा_मिरज (११:३१)

बारा मिनिटं झाली. काय झालं ओ?

हळकुंड (११:३४)

झालंऽऽऽ. पेन ड्राइव्ह हातात आहे आणि मशीन चालू आहे. आधी वडिलांना उठवून दाखवलं. "बरं" म्हणाले आणि कूस बदलली. जुनी_बॅच, तुम्ही सांगलीचे असाल तर सोमवारी मार्केट यार्डात या, चहा आपल्याकडे.

जुनी_बॅच (११:४०)

आता पुण्यात असतो. सांगलीत चार वर्षं वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजच्या होस्टेलवर काढली, तिथल्या लिनक्स यूजर्स ग्रुपमध्ये हेच उद्योग करायचो.

एक राहिलं. ग्रबचं पॅकेज आधी निवडलेली डिस्क लक्षात ठेवतं, म्हणजे पुढच्या अपडेटला ते परत पेन ड्राइव्ह शोधत बसेल. सवडीने सुडो डीपीकेजी-रीकॉन्फिगर ग्रब-पीसी चालवा आणि यादीत हार्ड डिस्कवर खूण करा.

कळफलक (११:४३)

इनस्क्रिप्टचं लक्षात ठेवा.

घड्याळजी (११:५८)

धागा उशिरा पाहिला. जुना बोर्ड आहे, चालू करताना "सीमॉस चेकसम बॅड, एफ१ दाबा" असं काही येतं का?

हळकुंड (रविवार, सकाळी ८:१०)

ते तर दोन वर्षं येतंय. एफ१ दाबलं की जातो पुढे. दिवाणजींना सवय आहे.

घड्याळजी (८:२२)

दोन वर्षं! बोर्डावरची सीआर२०३२ बॅटरी संपलीय. तीन व्होल्टची, बटणासारखी, कुठल्याही घड्याळाच्या दुकानात मिळते. बटण बंद केलं की मशीन तारीख विसरतंय. सोमवारी पट्टीवर २००९ साल आलं तर मला सांगू नका.

पेंग्विनप्रेमी (८:३०)

हल्लीच्या लिनक्सला फरक पडत नाही, तारीख इंटरनेटवरून आपोआप घेतं.

घड्याळजी (८:३२)

दुकानात इंटरनेट आहे का, हे विचारलंत?

हळकुंड (सोमवार, दुपारी ३:४५)

सौदे उरकले. पट्ट्या निघाल्या, डॉट मॅट्रिक्स प्रिंटर पहिल्या फटक्यात चालला, दिवाणजी "मेनू खाली आहे ते बरंय" एवढं म्हणाले. त्यांच्या मानाने हे पुष्कळ.

घड्याळजी, २००९ नाही आलं. पण सगळ्या पट्ट्यांवर तारीख कालची आहे. काल घरी मोबाइलच्या नेटवर चालवलेला, दुकानात नेट नाही. रविवारी यार्ड बंद असतं. एका शेतकऱ्यानेच दाखवलं.

जुनी_बॅच (४:०२)

बरोबर आहे. घड्याळ फारच मागचं वाटलं तर सिस्टिम शेवटची माहीत असलेली वेळ धरून चालते. तुम्ही रविवारी बंद केलंत, ती तिथूनच पुढे मोजत राहिली. हे मीच आधी विचारायला हवं होतं.

घड्याळजी (४:०५)

किती पट्ट्या?

हळकुंड (४:११)

एकतीस. दिवाणजी पेनने खोडून सही करतायत. बॅटरी आणायला निघालोय.