मदत हवी आहे: गोल्फचा पहिला सेट बदलायचाय, काय घेऊ? (नागपूर)

मिहानचा_बोगी:

नमस्कार मंडळी. पोस्ट लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

अडीच वर्षांपूर्वी ऑफिसातल्या एका सिनियरच्या नादी लागून गोल्फ सुरू केलं. तेव्हा वाटलं दोन महिने खेळू न मग क्रिकेटच्या किटसारखं हेही माळ्यावर जाईल, म्हणून बॅगेसकट मिळते तो पॅकेज सेट उचलला, २२,००० मध्ये. ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायची काठी), थ्री वूड, एक हायब्रिड (वूड न आयर्नच्या मधली), सहा ते नऊ आयर्न (लोखंडी डोक्याच्या काठ्या, नंबर लहान तितका बॉल लांब), पिचिंग वेज न सँड वेज (जवळच्या फटक्यांच्या), न पटर, एवढंच. माळ्यावर काही गेलं नाही, उलट मीच दर शनिवार-रविवार पहाटे उठून राहिलो, उन्हाळ्यात तर ऊन चढायच्या आत संपवायचं म्हणून साडेपाचलाच टीवर (पहिला फटका मारतात तिथे). बॅग कायम गाडीच्या डिक्कीत असते, ऑफिस सुटल्यावर अर्धा तास रेंजवर (सरावाच्या जागी) जाता येते म्हणून.

स्कोअर (कमी तेवढा चांगला) १०० ते १०६ मध्ये फिरून राहिला, डिसेंबरात एकदाच ९७ आला होता (पार्टी पण दिली). प्रॉब्लेम असा की सात नंबरनं १३५ यार्ड जाते न सहा नंबरनंही १३५-१४०च, मग सहा नंबर बॅगेत काहून ठेवलाय ते मलाच समजत नाही. पिचिंग वेज १०५ न त्याखाली एकदम सँड वेज ७०-७५, मधे ९० यार्ड आले की मी देवाचं नाव घेतो. सगळ्यात डोक्याला ताप म्हणजे आयर्नचा बॉल मस्त बसला तरी उजवीकडे जाते, वळत नाही, निघतेच उजवीकडे. ड्रायव्हरचं वेगळंच, तो आधी सरळ न मग केळ्यासारखा वळून झाडीत. हल्ली त्या ड्रायव्हरच्या डोक्यात काहीतरी खडखडूनही राहिलं.

एक मित्र त्याचे फोर्ज्ड ब्लेड (ठोकून घडवलेले पातळ आयर्न) विकून राहिला, ३५,००० म्हणते. दिसायला काय देखणे आहेत बाप्पा, पातळ धार, वरून आरसा. म्हणते ब्लेडवर खेळलास की स्विंग आपोआप सुधरते.

उंची सहा फूट एक, वय ३८, शरीर खुर्चीवरचं. बजेट ६०,००० (घरी ४०,००० सांगितलंय). पूर्ण सेट बदलू का नुसते आयर्न, नवे का वापरलेले, स्टील शाफ्ट (काठीचा दांडा) का ग्रॅफाइट, न फिटिंग (मापाप्रमाणे काठी जुळवणं) करायला मुंबई-पुण्यालाच जावं लागते का? कोणी सांगा भाऊ.

त्रिमूर्तीनगर_काका:

ब्लेड घेऊ नको. बाकीचं जेवून सांगतो.

पुणेकर_थ्रीपट:

काकांना अनुमोदन. आणि ते "स्विंग आपोआप सुधारतो" वगैरे काही नसतं, सुधारायच्या आधी माणूस गोल्फ सोडतो.

त्रिमूर्तीनगर_काका:

हं, आता ऐक. ब्लेडमधे सगळं लोखंड मधे, बरोब्बर बॉलच्या मागे. मधोमध बसला तर लोण्यासारखा, पण अर्धा इंच टाचेकडे (दांड्याच्या बाजूला) किंवा टोकाकडे बसला की डोकं हातात फिरते, अंतर पण जाते न दिशा पण. कॅव्हिटी बॅकमधे मागून पोकळ करून तेच लोखंड कडेला नेऊन ठेवलं असते, म्हणून चुकीचा बसला तरी डोकं कमी फिरते. हा प्रकार लोकांपर्यंत नेला तो कार्स्टन सोल्हाइम नावाच्या इंजिनियरनं, पिंगवाला. त्याच्या पहिल्या पटरचा बॉल लागला की 'पिंग' असा आवाज येई म्हणून कंपनीचं नावच पिंग. असो. मी ९८ साली हौसेनं ब्लेड घेतले होते, जानेवारीतल्या थंडीत सकाळी सहाला चार नंबरचा टाचेकडून बसला की कोपरापर्यंत करंट यायचा. दोन वर्षांत विकले, तेही अर्ध्या किमतीत. तुझा मित्र काहून विकून राहिला ते विचारलं का त्याला?

सिव्हिललाइन्स_दादा:

काठीनं काय होते बे. कॅडी (बॅग उचलणारे) लोकं जुनापुराना सात नंबर घेऊन तुमच्याहून सरळ मारतात. ६०,००० मधे किती लेसन होतात ते मोज.

मिहानचा_बोगी:

@दादा, लेसन चालूच आहेत, महिन्यातून दोन. गुरुजीच म्हणाले की आयर्न एकदा बघून घे, स्विंगमधे एवढा उजवीकडे जायसारखं काही दिसत नाही. @काका, विचारलं. म्हणते "आता हायब्रिड जास्त जमून राहिले" 😄 समजलं.

पुणेकर_थ्रीपट:

मिहान भाऊ, तुमचा गॅपचा (दोन काठ्यांच्या अंतरातल्या फरकाचा) प्रश्न लॉफ्टमध्ये (काठीच्या तोंडाचा तिरपेपणा, कमी तेवढा बॉल खालून आणि लांब) आहे, आणि नवीन सेट घेताना लोक इथेच फसतात म्हणून सविस्तर लिहितो. पूर्वी सात नंबरचा लॉफ्ट ३४-३५ अंश असायचा. आता नवशिक्यांसाठीचे आणि गेम इम्प्रूव्हमेंट म्हणून विकतात त्या सेटमध्ये तोच २८-३० अंशांवर आलाय. दुकानात सिम्युलेटरवर मारलं की "अरे बापरे, सात नंबर १५० गेला!" म्हणून माणूस खूश होऊन कार्ड काढतो, पण तो सात लिहिलेला जवळजवळ पाच-सहा नंबरच आहे हो. याची किंमत खालच्या टोकाला मोजावी लागते. पिचिंग वेज ४३-४४ अंशांवर येतो, सँड वेज मात्र ५४-५६ वरच राहतो, मध्ये बारा अंशांचा खड्डा. तुमचे ९० यार्ड त्याच खड्ड्यात पडलेत. दोन काठ्यांमध्ये ४ ते ६ अंश असावेत, म्हणजे अंदाजे १० ते १५ यार्डांचा फरक पडतो. तेव्हा सेट कुठलाही घ्या, पिचिंग वेजचा लॉफ्ट आधी विचारा आणि त्यावरून ४९-५० चा गॅप वेज धरा.

आणि सहा-सात सारखेच जातात याचं कारण बहुतेक काठी नाही. कमी लॉफ्टची काठी वर उचलायला वेग लागतो, तेवढा आपल्यासारख्यांकडे नसतो, बॉल खालूनच जातो आणि लवकर पडतो. तिथे पाच-सहा नंबरच्या जागी हायब्रिड घातला तर बरं. चौदा काठ्या भरल्याच पाहिजेत असा काही नियम नाही, चौदाच्या वर नको एवढाच नियम आहे.

रेंजवरची_ताई:

सगळे लॉफ्टबिफ्ट सांगून राहिले, पण उंची सहा एक आहे हे कोणी वाचलं का? पॅकेज सेट सरासरी उंचीच्या माणसासाठी बनते. मिहान दादा, तुमचा लाय अँगल (दांड्याचा जमिनीशी होते तो कोन) बघा आधी. काठी तुमच्यासाठी फ्लॅट (जास्त आडवी) पडत असेल तर बॉल मारताना टोक जमिनीला आधी लागते, टाच वर राहते, न बॉल निघतेच उजवीकडे. कितीही छान मारा.

घरी तपासता येते. आयर्नच्या तळाला मास्किंग टेप लावा, जमिनीवर प्लायवूडचा तुकडा ठेवा, त्यावर बॉल ठेवून हळू नाही, नेहमीच्या वेगानं दहा-बारा मारा. टेपवर घासल्याची खूण मधे आली तर ठीक, टोकाकडे आली तर काठी फ्लॅट आहे, टाचेकडे आली तर अपराइट (जास्त उभी). न फेसवर (काठीच्या तोंडावर) बॉल कुठे बसते ते बघायचं तर पायाला लावायची पावडर फवारा, बॉलचा ठसा उमटते. सरळ उभं राहून, हात खाली सोडून, मनगटाच्या घडीपासून जमिनीपर्यंतचं अंतर पण मोजून ठेवा, विकणाऱ्याला सांगायला उपयोगी पडते.

माझं उलटं झालं होतं. मी पाच फूट एक, सुरुवातीला ह्यांच्याच काठ्या कापून दिल्या मला. कापली की शाफ्ट अजून कडक होते न डोकं हलकं लागते, पण हे मला दोन वर्षांनी समजलं, तोवर सगळे म्हणायचे "तुझा स्विंगच हळू आहे". हळू नव्हता हो, काठी कडक होती.

त्रिमूर्तीनगर_काका:

ताई बरोबर बोलल्या, माझ्याकडून राहूनच गेलं. पोरा, आधी टेप लाव मग पैसे काढ. न हे आयर्नपुरतं हं, ड्रायव्हरचं केळं वेगळं. ते फेस उघडा (उजवीकडे वळलेला) राहून राहिला म्हणून, त्याचं औषध गुरुजींकडे. नवा ड्रायव्हर घेतला तर नवं केळं येईल फक्त.

मिहानचा_बोगी:

टेप लावली! शनिवारी दुपारी गच्चीवर, प्लाय शेजारच्या फर्निचरवाल्याकडून आणला, पहिल्या तीन फटक्यांत खालच्या काकू वर आल्या की छत पडून राहिलं का म्हणून. मग उरलेलं रेंजवर जाऊन केलं. सात नंबर न नऊ नंबर दोन्हीच्या खुणा टोकाकडे, सरळ सरळ टोकाकडे, बारापैकी एकही मधे नाही. मनगट ते जमीन ३७ इंच. पावडरचा ठसा बऱ्यापैकी मधेच येते. म्हणजे अडीच वर्षं मी डावीकडे निशाणा धरून राहिलो होतो फुकटात.

मग आता जुन्याच काठ्या वाकवून घेऊ का?

पुणेकर_थ्रीपट:

वाकवता येतात, पण तुमच्या सेटची डोकी कास्ट (साच्यात ओतलेली) स्टेनलेस असणार, ती एखाद-दोन अंशांपलीकडे ताणली की तडकायची भीती. फोर्ज्ड मऊ असतं म्हणून ते सहज वाकतं. (फोर्ज्ड म्हणजे ब्लेडच असं नाही हं, फोर्ज्ड कॅव्हिटी बॅकपण मिळतात.) पॅकेज सेटवर तेवढा खर्च मी तरी करणार नाही. वापरलेला चांगला सेट बघा, ५ ते पिचिंग, सहा-सात वर्षांपूर्वीचा चालतो, आयर्नमध्ये दरवर्षी जाहिरात बदलते तेवढी काठी बदलत नाही. वेज मात्र वापरलेला घेऊ नका, खोबणी झिजलेली असते.

पिंगचा मिळाला तर डोक्यावरचा ठिपका बघा. काळा म्हणजे स्टँडर्ड, निळा-हिरवा अपराइट, लाल फ्लॅट. होझेलवर (डोकं दांड्याला जोडणाऱ्या नळीवर) सीरियल नंबर असतो, तो कंपनीला कळवला की सेट मुळात कसा बनला होता ते सांगतात. नंबर नसेल किंवा सगळ्या काठ्यांवर वेगळा असेल तर हात जोडून परत या, नकली माल खूप फिरतो.

फिटिंगसाठी फक्त काठी मोजायला समृद्धीवरून ७०१ किलोमीटर येऊ नका. मुंबई-पुण्याला कामानं येणं झालं तर त्यात दीड तास काढा. शाफ्ट रेग्युलर घ्या, स्टिफच्या (जास्त कडक) नादी लागू नका. सात नंबर १३५ जातो तेव्हा ९५-१०० ग्रॅमचं हलकं स्टील पुरे. कोपर-मनगट दुखत असेल तरच ग्रॅफाइट, महाग पडतं.

सिव्हिललाइन्स_दादा:

बरं बाबा, काठीनंही काही होते. मागे घेतो. मी पण टेप लावून बघतो.

मिहानचा_बोगी:

अपडेट. धरमपेठेत एका रिटायर्ड सरांकडे सेट मिळाला, ५ ते पिचिंग, निळा ठिपका, शाफ्ट अर्धा इंच लांब, रेग्युलर स्टील. ३२,०००. त्यांची उंची माझ्याएवढीच, पाठीचं ऑपरेशन झालं म्हणून देऊन राहिले. सीरियल नंबर जुळला. दोन बादल्या बॉल मारायला दिले, टेप लावून बघितली, खूण मधे नाही पण मधल्याच्या जवळ. बॉल सरळ गेला तर मी सवयीनं डावीकडे निशाणा धरलेला, म्हणून तीन बॉल डाव्या जाळीत 😂 पिचिंग ४५ चा निघाला, म्हणजे ५० न ५६ असे दोन नवे वेज धरतो. प्रश्न बाउन्सचा. आपल्या इकडची काळी माती, मे मधे भेगा पडून दगड न ऑगस्टमधे चिखल, मग कोणता घेऊ?

त्रिमूर्तीनगर_काका:

बाउन्स म्हणजे वेजच्या तळाचा फुगवटा. जास्त असला तर सुकलेल्या जमिनीवर काठी उसळते न बॉलच्या पोटात बसते, बॉल ग्रीनच्या (भोकाभोवतीच्या हिरवळीच्या) पार. कमी असला तर पावसाळ्यात धार मातीत रुतते, बॉल जागीच, पाच किलो चिखल घेऊन येते वर. ५० ला ८ न ५६ ला १० घे, मधलं. आपल्याकडे खेळायचे खरे महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी, त्याच्या हिशेबानं घ्यायचं. बंकरमधे रेती तशीही पातळच असते.

मिहानचा_बोगी:

डन. वेजचे धरून हिशोब ५०,००० च्या आतच बसते. बायकोला ४०,००० सांगितलेलं त्याचं बघतो काय ते. उरलेल्यातून ग्रिप बदलून घेतो, जुन्या गुळगुळीत झाल्यात. ड्रायव्हर एवढ्यात बदलत नाही, पण तो खडखडाट काय असेल कोणाला माहीत आहे का? गेल्या मे पासून सुरू झाला.

रेंजवरची_ताई:

आत डोक्यात डिंकासारखा गोंद टाकलेला असते, तो सुटून फिरत असेल. खेळायला हरकत नाही, आवाज सहन होत असेल तर.

त्रिमूर्तीनगर_काका:

थांब थांब. पहिल्या पोस्टमधे काय लिहिलंस तू? बॅग कायम डिक्कीत? मे मधे? बाहेर ४५ असते तेव्हा बंद डिक्कीत काय होत असेल विचार कर. डोकं शाफ्टला चिकटवलं असते ते गोंदानं, ग्रिपखाली पण टेपच, तापून तापून सगळंच ढिलं होते. माझा पाच नंबर असाच उन्हाळाभर गाडीत होता, जूनमधे पहिल्या पाऊस पडलेल्या सकाळी मारला तर बॉल ६० यार्ड न डोकं ८०. कॅडी डोकं आणायला गेला न विचारते, साहेब, कोणता मोजू?

नवा सेट घरात ठेव. आज रात्रीच काढ बॅग.

मिहानचा_बोगी:

काढून आलो काका. हॉलमधे सोफ्यामागे ठेवली. घरी विचारून राहिले, हे कोणाचं.