ससा घरी आणल्यावर पुढे काय झालं? ठाणे आणि नवी मुंबईकरांचे अनुभव

नमस्कार मंडळी. महिन्यापूर्वी तलावपाळीच्या कठड्याला टेकवून कुणीतरी टोमॅटोचा क्रेट ठेवून गेलं. आत दोन पांढरे ससे, अर्धी पोळी आणि गाजराचा तुकडा. तेव्हापासून दोघं नौपाड्यात माझ्या गॅलरीत आहेत आणि मी त्यांना घर शोधतेय. तीन फोन आले. तिघांचा पहिला प्रश्न एकच: मुलांना खेळायला चालतील ना? एकांना म्हटलं, नीट सांभाळला तर ससा ८ ते १२ वर्षं जगतो. पलीकडे इतकी शांतता पसरली की मला वाटलं रेंज गेली.

म्हणून हा धागा. ससा गोड दिसतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. पहिला महिना सरल्यावर काय झालं ते लिहा. चुका, भांडणं, रात्रीची धावपळ, सगळं. परत दिला असेल तर तेही लिहा, इथे कुणी कुणाला बोलणार नाही.

माझ्याकडच्या मोठ्याचे मागचे तळवे सोलून निघालेत, जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात राहून. सशाच्या पायाला कुत्र्यामांजरासारखी गादी नसते, नुसते केस असतात. सध्या स्वारी आजीच्या सतरंजीवर असते, आणि सतरंजी एका कोपऱ्यातून संपत चालली आहे.

कोपरखैरणे

आम्हाला "दोघे भाऊ आहेत" असं सांगून दिले होते. लहानपणी नर-मादी ओळखणं जाणत्यालाही चकवतं, हे आता कळतंय. चौथ्या महिन्यात एक 'भाऊ' छातीचे केस उपटून कोपऱ्यात गोळा करायला लागला. खरूज समजून मी खोबरेल तेल लावलं (हसू नका). दुसऱ्या दिवशी त्या केसांच्या ढिगात सहा गुलाबी, डोळे मिटलेली पिल्लं, माझ्या करंगळीएवढी.

पुढचे दोन दिवस मी रडून काढले, कारण आई पिल्लांजवळ फिरकायचीच नाही. ड्रॉपरने दूध पाजायला निघाले होते. डॉक्टर म्हणाले, थांबा, पोटं बघा. पोटं टम्म होती. सशीण दिवसातून एकदा, फार तर दोनदा, चार-पाच मिनिटं पाजते आणि निघून जाते. जवळ बसून राहिली तर शिकाऱ्याला बीळ सापडेल ना.

खरा घोटाळा पुढे आहे. बाप त्याच पिंजऱ्यात होता. सशीण व्याल्याबरोबर पुन्हा गाभण राहू शकते आणि एका महिन्यात, २८ ते ३१ दिवसांत, पुढची वीण हजर. दोनाचे आठ, आठाचे तेरा झाले. एवढ्यांना घरं शोधण्यात वर्ष गेलं. आता दोघांचीही नसबंदीची ऑपरेशनं झाली आहेत. मादीचं तर कराच. न केलेल्या माद्यांना वय वाढलं की गर्भाशयाचा कर्करोग फार होतो.

घोडबंदर रोड

मी एका रात्रीबद्दलच लिहितो. रविवार होता. सकाळी वाटीतली कोथिंबीर तशीच पडलेली. म्हटलं कंटाळा आला असेल. दुपारी बायको म्हणाली, लेंड्यांचा ट्रे इतका स्वच्छ कसा? तेव्हा मला ती तक्रार वाटली नव्हती, शाबासकी वाटली होती. संध्याकाळी बघतो तर साहेब पाठीची कमान करून कोपऱ्यात, डोळे अर्धे मिटलेले, आणि जवळ गेलं की कर्र कर्र असा दात घासल्याचा आवाज. तो दुखण्याचा आवाज असतो.

सशाचं आतडं सतत चालू राहावं लागतं. ते थांबलं की आत गॅस धरतो, दुखतं, म्हणून तो खात नाही, आणि खात नाही म्हणून आतडं आणखी थांबतं. त्याला ओकताही येत नाही. दहा-बारा तास तोंडात काही गेलं नसेल तर सकाळची वाट बघायची नसते. आम्ही बघणार होतो. दोन दवाखान्यांनी फोनवरच "आम्ही कुत्री-मांजरीच बघतो" म्हणून सांगितलं. तिसरीकडे पोचलो तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. कापूरबावडीला सिग्नलवर बायको मांडीवरच्या टोपलीत हात घालून बसली होती, दर मिनिटाला म्हणायची, "श्वास चालू आहे."

सलाइन, दुखण्याचं इंजेक्शन, नंतर सिरिंजने भरवणं. पहाटे साडेचारला दोन लेंड्या पडल्या, वाटाण्याहून लहान, कडक. मी फोटो काढून डॉक्टरांना पाठवला. त्यांनी अंगठा पाठवला.

तेव्हापासून चहाच्या आधी ट्रे बघतो. ससा दुखणं लपवतो, लेंड्या लपवत नाहीत. आणि मुलांच्या खोकल्याचं उरलेलं अमॉक्सिसिलिन सशाला चुकूनही पाजू नका. पोटातले चांगले जिवाणू मरून ससा दगावतो.

चरई, ठाणे

वय वर्षे ७१. नातवाचा ससा, नातू बंगळुरात, ससा माझ्याकडे. डॉक्टरांनी सांगितलं, खाण्यातला मोठा वाटा गवताचाच हवा. याचे दात जन्मभर वाढतात, ते गवत चावूनच झिजतात. गाजर म्हणजे त्याचा पेढा, तुकडाच द्यायचा. ऑनलाइन येणाऱ्या टिमोथी गवताच्या पिशवीने माझ्या पेन्शनला चावे बसतात, म्हणून जोडीला ताज्या दूर्वा सुरू केल्या. जांभळी नाक्याला एक फुलवाली आहे. आठ दिवस गुपचूप देत होती, नवव्या दिवशी म्हणाली, "आजी, रोज संकष्टी कशी काय तुमची?" आता ती माझ्यासाठी जुडी सोडवून मोकळ्या दूर्वा ठेवते. दोऱ्याचा तुकडा त्याच्या पोटात जायला नको. स्वच्छ धुऊन, निथळून देते.

एकदा लघवी लालसर दिसली आणि मी देव पाण्यात ठेवले. पाल्यातल्या रंगाने तशी होते म्हणे. तरी डॉक्टरांना दाखवून खात्री करून घेतली.

खारघर

थोडं वेगळं. पावसाळ्यात टेकडीखालच्या गवतात मुलांना तपकिरी पिल्लू सापडलं आणि त्यांनी ते 'रेस्क्यू' करून घरी आणलं. ते पाळीव नव्हतं, रानससा होता. रानसशाची पिल्लं जन्मतःच केसाळ आणि डोळे उघडे असलेली असतात. आई त्यांना गवतात ठेवून चरायला जाते, अंधार पडला की पाजायला येते. म्हणजे आम्ही चक्क पळवून आणलं होतं. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने रानससा घरी ठेवताही येत नाही. वनखात्याच्या १९२६ वर फोन केला, त्यांच्या सांगण्यावरून त्याच जागी नेऊन ठेवलं आणि लांबून बघत बसलो. आई आली का ते अंधारात दिसलं नाही. सकाळी पिल्लू तिथे नव्हतं.

ऐरोली

टॉप फ्लोअर, पश्चिमेची भिंत, मे महिना. सशाला आपल्यासारखा घाम येत नाही, उष्णता बाहेर टाकायची ती कानांतून. तिशीच्या वर पारा गेला की आमची धावपळ सुरू: बर्फ झालेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी, खाली मोकळी लादी, कानांना ओला हात. आंघोळ मात्र नाही, धक्क्यानेही दगावतो. दुपारी लाइट गेली की मी ऑफिसमधून शेजारच्या काकूंना फोन लावते. काकूंचं म्हणणं, "तुझ्या आईचा बीपी विचारायला तू कधी एवढे फोन केले नाहीस."

वाशी

वाय-फायची वायर ३ वेळा कुरतडली. चार्जर ५. सासूबाईंच्या हेडफोनबद्दल घरात बोलत नाही.

कळवा

परत दिला, असं लिहायला सांगितलंत म्हणून लिहिते. मुलीला सुक्या गवताची ॲलर्जी निघाली. खोकून खोकून रात्री जागायची. दीड महिना गोळ्या, मास्क, ससा हॉलमध्ये, मुलगी आत. शेवटी ज्या मुलीने दिला होता तिच्याकडेच नेऊन दिला, रस्त्यावर नाही सोडला. तिने एका शब्दाने दुखावलं नाही. आणायच्या आधी आठवडाभर नुसतं गवत आणून घरात ठेवायला हवं होतं, एवढंच वाटतं.

नेरुळ

लेक पाचवीत असताना हट्टाने आणला. मी विरोधात होतो. आता ती पुण्याला कॉलेजात आणि ससा माझ्या पलंगाखाली. त्याची जोडीदारीण गेल्या दिवाळीनंतर गेली. आठ दिवस हा तिच्या जागेवर बसून राहिला. एकटा ससा झुरतो, हे ऐकून होतो, बघितलं नव्हतं.

मग ऑपरेशन झालेली एक रेस्क्यू मादी आणली. आल्या आल्या एकत्र सोडली तर एकमेकांचे केस तोंडात. त्याचा मुलूख होता ना तो. मग रोज अर्धा तास दोघांना बाथरूममध्ये, जिथे कुणाचाच वास नाही, आणि मी कमोडचं झाकण लावून वर बसलेला, हातात हातमोजे. महिनाभर. ऑफिसात सांगता येत नाही असं काम.

काल सकाळी पहिल्यांदा दोघांच्या लेंड्या एकाच ट्रेमध्ये सापडल्या. बायकोला उठवून दाखवलं. तिने ट्रेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि चहा टाकायला सांगितलं.