मदत हवी आहे: रेसमधून आलेली घोडी हाताला हलकी कशी करावी?

मये_तळ्याकाठी:

नमस्कार. मी गोव्यात, डिचोली तालुक्यात राहते. मार्चमध्ये ९ वर्षांची एक थरोब्रेड घोडी घेतली, केशर. आधी पुणे-मुंबईच्या रेसमध्ये धावलेली, मग दोन-तीन हात बदलून माझ्याकडे आली. स्वभावाने सोन्यासारखी आहे. आणल्यावर आठवड्याभरात शिगमो आला. घोडेमोडणीवाले कमरेला लाकडी घोडे बांधून ढोल-ताशांच्या गजरात दारावरून गेले, तर ही कान टवकारून नुसती बघत उभी राहिली. म्हणजे ती बुजरी नाही, हे आधीच सांगते.

अडचण खोगिरावर बसल्यावरची आहे. उभी असताना आणि कदम (संथ चाल) चालताना लगाम ऐकते. दुडकी सुरू झाली की मान पुढे काढून सगळा भार बिटावर (लगामाच्या तोंडातल्या कांबीवर) टाकते. मी ओढलं की आणखी वेग घेते. उजव्या बाजूला जास्त जड आहे. पंधरा मिनिटांत माझ्या करंगळी आणि अनामिकेमधली कातडी सोलवटते. वळवायचं म्हणजे भरलेली होडी वळवल्यासारखं वाटतं.

ज्यांच्याकडून घेतली ते तिला काटेरी लगाम घालत. ओठांच्या कोपऱ्यांत जुन्या जखमांचे पांढरे वण आहेत. मी तो लगाम पहिल्याच दिवशी काढला आणि साधा स्नॅफल (सौम्य बिट) घातला. आता सगळे म्हणतात, पुन्हा काटेरी घाल, दोन दिवसांत वठणीवर येईल. ते मला करायचं नाही. मार्टिंगेल (डोकं वर जाऊ न देणारा पट्टा) लावून पाहिला. तो असेपर्यंत मान खाली राहते, काढला की पुन्हा तेच. जुलै-ऑगस्टमध्ये चिखलामुळे काम बंदच होतं. आता भातकापणी झाली आहे, शेत कोरडं आहे, तेव्हा नीट सुरुवात करायची आहे. कुठून करू? गोव्यात घोडे मोजकेच, विचारायला जवळ कोणी नाही.

जुनी_पागा (कोल्हापूर):

ताई, काटेरी लगाम काढलात हे फार चांगलं केलंत. तुमची घोडी हट्टी नाही, ती शिकवलेलं करते आहे. रेसमध्ये जॉकी बाग (हातात धरायची लगामाची वादी) आखूड आणि ताणून धरतो, घोडा त्या ताणावर टेकून पळतो. बाग ताणली की पळायचं, हे तिच्या अंगात मुरलंय. तुम्ही थांबवायला ओढता आणि तिला वाटतं बाईंना वेग हवाय.

दोन्ही हातांनी एकसारखं ओढून धरणं आधी बंद करा. म्हाताऱ्याला काठी मिळावी तसा तिला त्याचा आधार मिळतो. एका वेळी एकच बाग. हलकेच मागा, वाट बघा, तिने नाक तसूभर जरी आत आणलं तरी त्याच क्षणी सोडा. सगळी विद्या त्या सोडण्यात आहे. मागण्याने घोड्याला प्रश्न कळतो, सोडण्याने उत्तर. उशिरा सोडलंत तर तिला कळतच नाही की सुटका कशामुळे झाली.

पण यातलं काहीही करण्याआधी एक विचारतो. दाणा सांडते का? गव्हाणीत चघळलेल्या गवताचे गोळे दिसतात का?

मये_तळ्याकाठी:

दादा, तुमचं वाचून लगेच तबेल्यात गेले. गव्हाणीच्या कोपऱ्यात लिंबाएवढे ओलसर गोळे होते, गवत अर्धवट चावून टाकलेलं. असे गोळे मी कित्येक महिने माझ्याच हाताने झाडून टाकते आहे. इथलं गवत तिला आवडत नाही असंच समजत होते. फार वाईट वाटतंय.

दात_आणि_नाल:

मी गुरांचा आणि घोड्यांचा डॉक्टर आहे. घोड्याचे दात आयुष्यभर वर येत राहतात, साधारण वर्षाला २ ते ३ मिलिमीटर, आणि चावण्याने झिजतात. वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असतो. त्यामुळे वरच्या दाढांची बाहेरची कड आणि खालच्यांची आतली कड झिजत नाही, सुरीसारखी धारदार होते. वरची कड गाल कापते, खालची जीभ. बाग ओढली की बिटामुळे गाल त्याच कडेवर दाबला जातो. काही घोड्यांना पहिल्या दाढेपुढे एक खुरटा दात असतो, वुल्फ टूथ म्हणतात, त्यावर बिट आपटतं तेही बघून घ्या.

घोड्यांचं काम करणाऱ्या डॉक्टरलाच बोलवा. गुंगीचं इंजेक्शन, तोंड उघडं ठेवणारी चौकट आणि डोक्यावर दिवा, या तिन्हीशिवाय कोणालाही तोंडात कानस घालू देऊ नका. पुढे वर्षातून एकदा तपासणी करत जा. आणि खोगीरही पाहा. थरोब्रेडचा खांद्यामागचा उंचवटा टोकदार असतो, तिथे खोगीर टेकत असेल तर घोडी पाठ खाली दाबते आणि मान वर काढते.

मये_तळ्याकाठी (पाच आठवड्यांनी):

उशीर झाला, माफ करा. बेळगावहून डॉक्टर आले. उजवीकडच्या वरच्या दाढांना इतकी धार होती की त्यांनी माझं बोट धरून त्यावरून फिरवलं तेव्हा मी हात झटकन मागे घेतला. गालाच्या आत नखाएवढी जखम होती. दाढा घासल्या, वुल्फ टूथ नव्हता. दोन आठवडे तोंडात काही घातलं नाही, मोरकी (बिट नसलेला तोंडावरचा दोर) लावून नुसती चालवली. गव्हाणीत आता गोळे नसतात.

उजवीकडे आता ती पुष्कळ सरळ वळते. एक-एक बाग मागणं उभ्याने आणि कदमात छान जमतं. पण दुडकीत सात-आठ पावलांनंतर ती पुन्हा टेकते. आता तर दुखत नसणार, मग का?

मांड_पक्की (पुणे):

ताई, दुखणं गेलं तरी सवय राहते. तिची आणि तुमचीही. ती टेकणार म्हणून तुमची मूठ आधीच आवळली जात असेल.

उभ्या घोड्याचा साधारण ६० टक्के भार पुढच्या पायांवर असतो, वर आपण पुढे झुकलो की त्यात भर पडते. तो भार मागे जायला हवा, आणि हाताने ओढून तो मागे जात नाही, मागचे पाय पोटाखाली आले की जातो. सात पावलांनी टेकते ना, मग पाचव्या पावलाला कदमावर आणा. पुन्हा दुडकी, पुन्हा पाच पावलं. आणताना आधी श्वास सोडा, मांड (खोगिरावरची बैठक) जड करा, बागेचा नंबर शेवटी. टाच आणि बाग एकदम वापरू नका. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये बोशे नावाचा उस्ताद होऊन गेला, हात असेल तेव्हा पाय नको आणि पाय असेल तेव्हा हात नको, हा नियम त्याचाच. त्याच्या शंभरेक वर्षं आधी द ला गेरिनियेर या फ्रेंच उस्तादाने घोड्याचा खांदा आत घेऊन तिरकं चालवायची रीत पक्की केली. कदमात ती रोज दोन्ही बाजूंनी करा, आतला मागचा पाय आपोआप पोटाखाली येतो. एकूण वीस मिनिटं पुरे, आणि ती मऊ असतानाच उतरा.

हात तपासायचा असेल तर बाग बिटाच्या कडीला थेट न लावता सुती दोऱ्याने बांधा. दोरा तुटला तर चूक तुमची. मात्र बंदिस्त जागेतच करा, आणि आत मोरकी घालून तिची दोरी हाताशी ठेवा.

मये_तळ्याकाठी:

आज करून पाहिलं. घरात सुती दोरा नव्हता, पण आमच्याकडे अबोलीच्या फात्या (वेण्या) केळीच्या सोपटाच्या (सालीच्या) दोऱ्यात करतात, तोच घेतला. शेताला चारी बाजूंनी कुंपण आहे, मोरकीही होती.

उजवा दोरा चार वेळा तुटला, डावा एकदा. चौथ्या वेळी घरच्यांनी बाजूने बघून सांगितलं की घोडीने मान दिली होती, माझी उजवी मूठ मात्र तशीच आवळलेली होती. तोवर मला ते जाणवलंच नव्हतं. मग उजवी करंगळी बागेवरून काढूनच टाकली. पाच पावलं दुडकी, श्वास सोडला, आणि ती बाग न लागता कदमावर आली. दोरा शाबूत. तिने मान खाली सोडली, जबडा हलवत बिट चघळलं, ओठांवर पांढरा फेस आला. मी तिथेच उतरले, खोगीर सोडलं आणि तिच्या मानेला बिलगून बराच वेळ उभी राहिले.

पाचाची दहा पावलं कधी करायची, आणि चौखूर सोडण्याआधी काय काय पक्कं असायला हवं, हे कृपया सांगा. उद्यासाठी सोपट भिजत घातलंय.