मधला दुवा हवा असेल तर इंडोह्यस सांगा

उत्क्रांती न मानणाऱ्या कुणी 'मधल्या टप्प्यांचे जीवाश्म कुठे आहेत?' असं विचारलं की टॉकओरिजिन्स या संकेतस्थळावरची, उत्क्रांतीविरोधी दाव्यांची आणि त्यांच्या उत्तरांची सूची द्यावी, असं काही जण सुचवतात. सूची उत्तमच आहे, प्रत्येक दाव्याला क्रमांक आहे, हा दावा सीसी२०० वर मिळेल. पण नुसती लिंक दिली तर समोरचा ती उघडत नाही, हा माझा अनुभव. त्यापेक्षा एकच जीवाश्म नीट सांगावा.

मी इंडोह्यस सांगतो, जमिनीवरचे प्राणी आणि देवमासे यांचं नातं दाखवणारा जीवाश्म. जम्मूतल्या कालाकोटजवळचे दगड भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी गोळा करून ठेवले होते. राव वारल्यावर त्यांच्या पत्नीने ते दगड जीवाश्मतज्ज्ञ हान्स थेविसन यांच्याकडे सोपवले. त्यांतली इंडोह्यसची कवटी साफ करताना कानाचं हाड चुकून तुटलं आणि आतली ठेवण दिसली: एका बाजूची भिंत जाडजूड, दुसरी अगदी पातळ. असा कान तोवर फक्त देवमाशांच्या कुळात माहीत होता! आणि हा प्राणी तर चार पायांचा, खुरांचा, जेमतेम मांजराएवढा, सुमारे ४.८ कोटी वर्षांपूर्वीचा. २००७ साली हे 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत आलं. उत्क्रांती न मानणाऱ्या माझ्या मेव्हण्यांना मी तो कान कागदावर काढून दाखवला, तेव्हा पहिल्यांदाच त्यांनी वाद सोडून प्रश्न विचारले.

फक्त त्याला देवमाशाचा पूर्वज म्हणू नका. तो चुलत घराण्यातला, आणि नेमक्या अशाच ढिलाईवर विरोधक आपल्याला पकडतात.