मदत हवी आहे: बीपीएलचं (दारिद्र्यरेषेखालचं कार्ड) एपीएल (रेषेवरचं) झालं, बाबांचं बायपास तोंडावर (खानापूर तालुका, जि. बेळगाव)

नमस्कार मंडळी. आम्ही खानापूर तालुक्यातले, महाराष्ट्र हक्क सांगतो त्या सीमाभागातल्या ८६५ गावांच्या यादीतलं आमचं गाव. बाबांना तीन ब्लॉक निघालेत, बायपास लवकर उरका असं डॉक्टर म्हणतात. बेळगावातल्या एका खाजगी दवाखान्याने खर्च अडीच लाखांच्या घरात सांगितला.

आमचं बीपीएल कार्ड होतं. धाकट्या भावाने घराच्या कर्जासाठी बँकेच्या सांगण्यावरून शून्य कराचं रिटर्न भरलं. टॅक्स एक रुपया गेला नाही, पण कॉम्प्युटरच्या लेखी आम्ही करदाते. आई रेशनला गेली, अंगठा लावला, तेव्हा दुकानदार म्हणाला, "मावशी, तुमचं कार्ड वरनंच एपीएल झालंय."

तांदूळ विकत आणू हो, त्याचं एवढं नाही. मार बसतोय तो दवाखान्यात. आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मोफत. एपीएलला सरकार ३० टक्केच देतं, तेही वर्षाला दीड लाखाच्या आत. आणि हे ३० टक्के दवाखान्याच्या बिलाचे नव्हेत, सरकारने ठरवलेल्या पॅकेजच्या दराचे! पॅकेज समजा एक लाखाचं धरलं, तर मिळणार तीस हजार. वरचे दोन लाख वीस हजार कुठून आणायचे?

आईला कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला २००० मात्र येतात, त्याला एपीएल चालतं. सरकार तेच, घर तेच.

थोरल्या ताईला चंदगड तालुक्यात दिलंय. तिचं केशरी कार्ड. महाराष्ट्राने महात्मा फुले योजना ५ लाखांची केली आणि कार्डाचा रंग बघणं सोडलं, त्यामुळे तिच्या सासऱ्यांचं ऑपरेशन खिशाला हात न लावता झालं. तिच्याकडे बसलो की हाच विषय निघतो.

तर विचारायचं असं:
२०२३ मध्ये महाराष्ट्राने ही महात्मा फुले योजना आपल्या ८६५ गावांना लागू केली, ५४ कोटींची तरतूद झाली, इकडून कर्नाटकाचे तेव्हाचे मुख्यमंत्री बोम्मईंनी आक्षेपही घेतला. आपल्यापैकी कुणी कर्नाटकाच्या रेशन कार्डावर कोल्हापूरला प्रत्यक्ष उपचार घेतलेत का? कागद काय लागले? आणि बीपीएल परत मिळवायला कुणाचे पाय धरायचे?

प्रतिसाद १
दादा, आधी कार्डाचं बघा. शून्य कराचं रिटर्न, त्याची पोच आणि उत्पन्नाचा दाखला जोडून तालुक्याच्या आहार खात्यात (रेशनचं खातं) लेखी अर्ज द्या. पोच घेतल्याशिवाय उठू नका. नोव्हेंबर २०२४ ला सरसकट कार्डं कापली तेव्हा ओरड झाली आणि सरकारला मागे यावं लागलं. करदाते आणि सरकारी नोकरदार सोडून बाकीची परत करा असं ठरलं होतं. तुमचा मुद्दा त्यात बसतो.

प्रतिसाद २
खाजगीत थेट भरती होऊ नका. तातडीची केस नसेल तर सरकारी दवाखान्याचं रेफरल लागतं, नाहीतर ते ३० टक्केही जातील. आधी बिम्सला (बेळगावचा सरकारी दवाखाना) दाखवा. कोल्हापूरचं म्हणाल तर गाडी करायच्या आधी महात्मा फुले योजनेच्या १५५३८८ या हेल्पलाइनला फोन लावा, गाव आणि तालुका सांगा, आणि त्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राशी (योजनेचा मदतनीस) बोला. मंजुरी आधी, भरती मागाहून. पुढाऱ्याच्या चिठ्ठीवर विसंबून जाऊ नका. भाषणात योजना सगळ्यांची असते, खिडकीवर कागद मागतात.

प्रतिसाद ३
बाबा कृषी पत्तीन (शेती पतपुरवठा) सोसायटीचे सभासद आहेत का? सहकारी सभासदांसाठीची कर्नाटकाची यशस्विनी आरोग्य योजना २०२२ ला पुन्हा सुरू झालीय, खेड्यातल्या चार जणांच्या कुटुंबाला वर्षाला ५०० रुपये, ५ लाखांपर्यंत. नोंदणी ठरावीक मुदतीतच असते. केली होती का ते सेक्रेटरीला विचारा.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. बाबा सोसायटीचे जुने सभासद आहेत, यशस्विनीची पावती आईच्या ट्रंकेत शोधतोय. उद्या बिम्स, तिथून आहार खातं. अर्ज कन्नडमध्येच द्यावा लागेल ना? खानापूरात कोण लिहून देतं ते कुणी सांगेल का?