टक्कर ‘टळली’ की ‘टाळली’? विमानांच्या धोकादायक निकटतेसाठी मराठी शब्द

प्रश्न – सातारा

विमानतळाच्या परिसरात प्रवासी विमान आणि छोटे विमान धोका निर्माण होईल इतके जवळ येतात आणि टक्कर न होता आपापल्या वाटेने निघून जातात, त्या घटनेला मराठीत नेमके काय म्हणावे, याविषयी जाणकारांचे मत हवे आहे. मी साताऱ्यात मुद्रितशोधनाचे काम करते. सध्या हाती असलेल्या विमानसुरक्षेवरील पुस्तिकेत लेखकाने सर्वत्र ‘निअर मिस’ लिहिले आहे. बातम्यांत हा शब्द रुळलेला असला, तरी त्याच्यावर सबंध पुस्तिका उभी करणे मला पटत नाही. वर्तमानपत्रांत ‘मोठा अनर्थ टळला’, ‘प्रवासी बालंबाल बचावले’ असे छापून येते. मी पहिल्या खर्ड्यात ‘हुकलेली टक्कर’ असे लिहून पाहिले आहे. उदाहरणादाखल पुस्तिकेतील एक वाक्य देते : ‘उतरणाऱ्या प्रवासी विमानासमोर अचानक प्रशिक्षणार्थी विमान आले, परंतु सुदैवाने टक्कर टळली.’

प्रतिसाद – मिरज

‘हुकलेली टक्कर’ वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मराठीत नेम हुकतो, संधी हुकते, गाडी हुकते. म्हणजे जे साधायचे होते ते साधले नाही, अशी खंत त्या क्रियापदाला चिकटलेली असते. टक्कर कोणालाही साधायची नव्हती. ‘बालंबाल’ हिंदीतून आले आहे. तेथील ‘बाल’ म्हणजे केस, हे मराठी वाचकाला शब्दावरून उमगत नाही. ‘थोडक्यात बचावले’ हे आपले आहे आणि बातमीला पुरेसेही आहे, मात्र ते माणसांविषयी सांगते, विमानांच्या स्थितीविषयी काहीच सांगत नाही.

आपल्या वाक्यात मला अधिक खटकले ते ‘टळली’. टळणे आणि टाळणे यांत मराठीने फार उपयुक्त भेद करून ठेवला आहे. संकट आपोआप दूर झाले तर ते टळले आणि कोणी प्रयत्नाने दूर केले तर ते टाळले. ‘मरण कोणाला चुकले आहे’ आणि ‘त्याने खड्डा चुकवला’ यांतही हाच भेद आहे. जेथे वैमानिकाने प्रसंगावधान राखून विमान वळवले, तेथेही आपण सवयीने ‘टक्कर टळली’ असे लिहितो, वर ‘सुदैवाने’ जोडतो आणि ‘काळ आला होता, पण वेळ आली नव्हती’ असा मथळा देऊन मोकळे होतो. अशा वाक्यात करणाराही दिसत नाही आणि चुकणाराही दिसत नाही. दैवाच्या खात्यावर जमा झालेल्या घटनेची चौकशी कोणी मागत नाही, म्हणून हा व्याकरणाचा मुद्दा मला सुरक्षिततेचाही वाटतो.

मूळ शब्दासाठी ‘अंतरभंग’ सुचवतो. शिस्तभंग, नियमभंग, शांतताभंग हे शब्द आपल्या नित्य वापरातले आहेत आणि ‘सुरक्षित अंतर ठेवा’ हे महामार्गावरील प्रत्येक ट्रकच्या पाठीवर लिहिलेले असते. त्यामुळे ‘सुरक्षित अंतराचा भंग’ समजायला कोणालाही कोश उघडावा लागणार नाही.

प्रतिसाद – कराड

मिरजेच्या सरांचा टळणे–टाळणे हा भेद मला पूर्णपणे मान्य आहे. ‘अंतरभंग’ हा शब्दही चांगला आहे, परंतु प्रश्न ज्या घटनांविषयी विचारला आहे, त्यांतील अनेक घटनांना तो लागू पडणार नाही. हवाई वाहतुकीशी माझा कामानिमित्त संबंध आला असल्याने थोडे सविस्तर लिहितो.

रडारच्या देखरेखीखाली विमानतळाच्या परिसरात दोन विमानांत साधारणपणे 3 सागरी मैल, म्हणजे सुमारे साडेपाच किलोमीटर आडवे अंतर, किंवा 1000 फूट उभे अंतर राखले जाते. दोन प्रवासी विमानांत यांपैकी एकही अंतर उरले नाही, तर तो अंतरभंगच. छोट्या विमानाची गोष्ट वेगळी असते. ते पुष्कळदा उपकरणांच्या आधाराने न उडता दृश्य नियमांनुसार, म्हणजे वैमानिक बाहेर डोळ्यांनी पाहत, उडत असते. हवाई क्षेत्राचे वर्ग असतात आणि त्यांतील ‘डी’ वर्गात असे विमान व प्रवासी विमान यांच्यात ठरावीक अंतर राखून देण्याची जबाबदारी नियंत्रकावर नसते. तो दोघांना एकमेकांची माहिती देतो. पाहणे आणि दूर राहणे हे काम वैमानिकांचे. जेथे अंतर ठरवूनच दिलेले नाही, तेथे भंग कशाचा झाला म्हणायचे? तरीही दोन विमाने शेदोनशे फुटांवरून एकमेकांना ओलांडू शकतात. याचसाठी आंतरराष्ट्रीय व्यवहारात ‘एअरप्रॉक्स’ ही संज्ञा आहे. तिच्या व्याख्येत फुटांचा आकडा नाही. विमानांमधील अंतर, त्यांची परस्परस्थिती आणि वेग पाहता सुरक्षितता धोक्यात आली असावी, असे वैमानिकाचे किंवा नियंत्रण कर्मचाऱ्याचे मत झाले, तर ती घटना एअरप्रॉक्स ठरते. या संज्ञेसाठी मी ‘धोकादायक निकटता’ सुचवेन. ‘जवळीक’ आणि ‘सान्निध्य’ येथे चालणार नाहीत, कारण दोन्हींत आपुलकीचा अर्थ आहे.

डोळ्यांवर किती विसंबावे, याचे कठोर उदाहरण 25 सप्टेंबर 1978 रोजी अमेरिकेतील सॅन दिएगो येथे घडले. उतरण्याच्या तयारीत असलेल्या बोइंग 727 प्रवासी विमानाच्या वैमानिकांना पुढच्या छोट्या सेसना 172 विमानाविषयी कळवण्यात आले होते आणि ते दिसल्याचे त्यांनी सांगितलेही होते. नंतर ते दृष्टीआड झाले, परंतु ही गोष्ट नियंत्रकापर्यंत स्पष्टपणे पोचली नाही. सेसना सराव उड्डाणावर होते. दोन्ही विमानांची टक्कर होऊन 144 माणसे मृत्युमुखी पडली, त्यांतील सात जमिनीवरची होती. 31 ऑगस्ट 1986 रोजी लॉस एंजेलिसजवळील सेरिटोस येथे डीसी–9 प्रवासी विमानाची आणि छोट्या पायपर विमानाची टक्कर होऊन 82 जण दगावले. पायपर परवानगीविना नियंत्रित क्षेत्रात शिरले होते आणि त्याच्याकडून उंचीची माहिती रडारला मिळत नव्हती. त्यानंतर अमेरिकेत मोठ्या प्रवासी विमानांवर टक्कररोधक यंत्रणा, म्हणजे ‘टीकॅस’, सक्तीची झाली.

ही यंत्रणा आधी ‘ट्रॅफिक, ट्रॅफिक’ असा इशारा देते आणि धोका वाढला, तर वर जा किंवा खाली जा असा आदेश देते. त्या आदेशानुसार वैमानिकाने विमान हलवले, तर लिहिताना निःसंकोच ‘टाळली’ लिहावे. मात्र समोरच्या छोट्या विमानात ट्रान्सपाँडर, म्हणजे विचारणा होताच आपोआप संकेत पाठवणारे उपकरण, नसेल किंवा बंद असेल, तर टीकॅसला ते दिसतच नाही. जमिनीपासून सुमारे 1000 फुटांच्या खाली तर हे आदेश दिलेच जात नाहीत, कारण विमान तेव्हा उतरत असते आणि खाली जा म्हणणे घातक ठरू शकते. 29 जानेवारी 2025 रोजी वॉशिंग्टन येथे उतरणारे प्रवासी विमान आणि लष्करी हेलिकॉप्टर सुमारे 300 फुटांवर एकमेकांवर आदळले. विमानात इशारा वाजला होता, आदेश मिळणे शक्य नव्हते. 67 जणांचा बळी गेला. विमानतळाजवळची निकटता अधिक भयंकर का, हे यावरून लक्षात यावे.

आणखी एक कारण पुस्तिकेत अवश्य यावे. मोठ्या विमानाच्या पंखांमागे हवेचे भोवरे सुटतात आणि त्यांत सापडलेले छोटे विमान टक्कर न होताही उलटू शकते. धोका केवळ टक्करीचा नसल्यामुळेही ‘टक्कर’ हा शब्द मूळ संज्ञेत नसावा, असे मला वाटते.

प्रतिसाद – मिरज

आक्षेप रास्त आहे. ठरलेले अंतर मोडले तेथे ‘अंतरभंग’ आणि मतावर आधारलेल्या नोंदीसाठी ‘धोकादायक निकटता’, असे दोन शब्द ठेवावेत. ‘टक्कर’ आणि ‘धडक’ यांतही गल्लत नको : बसची झाडाला धडक बसते, दोन चालत्या वाहनांची टक्कर होते.

प्रतिसाद – सातारा

दोघांची मी ऋणी आहे. लेखकाला विचारले असता, त्या घटनेत प्रवासी विमानाच्या वैमानिकाने उतरणे रद्द करून विमान पुन्हा वर नेले होते, असे कळले. ‘सुदैवाने’ काढून तेथे हीच माहिती घातली आहे आणि ‘टळली’चे ‘टाळली’ केले आहे. आता ‘प्रशिक्षणार्थी विमान’ तेवढे राहिले.

प्रतिसाद – कराड

तो शब्द बदलाच. प्रशिक्षणार्थी म्हणजे प्रशिक्षण घेणारा. तो विमानात बसलेला असतो. विमान ‘प्रशिक्षण विमान’ असते. आमच्या कराडच्या धावपट्टीवरून अशी विमाने उडतात, तेव्हा ‘विमान गावावर घिरट्या घालत होते’ असे सर्रास म्हटले जाते. घिरट्या घार घालते, तिला भक्ष्य शोधायचे असते. प्रशिक्षण विमान उड्डाण करते, वळते, धावपट्टीला समांतर जाते, पुन्हा दोनदा वळून उतरायला येते; या आखून दिलेल्या चौकटीला वैमानिक ‘सर्किट’ म्हणतात. धोकादायक निकटतेच्या वर्णनात छोटे विमान सर्किटमध्ये होते की सर्किट सोडून भरकटले होते, हे लिहिणे आवश्यक असते, कारण चूक कोणाकडून झाली हे पुष्कळदा त्यावरूनच ठरते. म्हणून पुस्तिकेत ‘सर्किट’ हाच शब्द ठेवावा आणि पहिल्या उल्लेखाच्या वेळी त्याचा अर्थ वाक्यातच उलगडून सांगावा.